हैदराबादेतून नागपूरला आलेली मुलं

आमच्या हिंगणा रस्त्यावर वानाडोंगरीच्या थांब्याला सकाळी उभं राहिलं, की मराठवाड्यातून अभियांत्रिकी शिकायला आलेली मुलं भेटतात. ही वाट जुनी आहे. १९३८-३९ साली मात्र या वाटेनं मुलं हौसेनं आली नव्हती.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी. पण उच्च शिक्षणाचं दार उर्दूचं. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणितापासून वैद्यकापर्यंत सारं उर्दूत शिकवत. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं. देशी भाषेतून एवढं शिक्षण देण्याचा प्रयोग मोठाच होता, हे मानायलाच हवं. फक्त ती भाषा संस्थानातल्या थोड्यांची होती. मग गावात बहुसंख्य असलेला मुलगा कॉलेजात अल्पसंख्याकासारखा वावरे. अंगात शेरवानी, तोंडी आदाब. मुसलमान मुलांना धर्मशिक्षण, इतरांना 'अखलाकियात' म्हणजे नीतीचा तास. मुलांनी हे सगळं अंगवळणी पाडलं होतं.

अडलं ते प्रार्थनेपाशी. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत हिंदू मुलं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली. त्या गीतावरून देशभर वाद होताच. राष्ट्रीय सभांतून पहिली दोनच कडवी म्हणावीत, असं काँग्रेसनं १९३७ साली ठरवलं होतं. स्टेट काँग्रेसवर बंदी, बाहेर सत्याग्रह, अशा दिवसांत सरकारला त्या प्रार्थनेत राजकारण ऐकू आलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण आपल्या खोलीत काय म्हणायचं हेही दुसऱ्यानं ठरवावं, हे मुलांना सोसेना. संप झाला आणि शेकडो मुलांची नावं कमी झाली.

वर्ष वाया जाणार, घरचे हवालदिल. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. शेजारच्या सरकारनं काढलेली मुलं घ्यायची, हे सोपं नव्हतं.

पण मुलांपुढे नवाच पेच. त्रिकोणाला 'मुसल्लस' आणि उष्णतेला 'हरारत' म्हणायला शिकलेल्यांपुढे इथे इंग्रजी प्रश्नपत्रिका! परक्या भाषेशी जुळवून घेण्याची ही दुसरी खेप.

वरंगलच्या कॉलेजातून काढलेला असाच एक तेलुगू मुलगा नागपूरला आला आणि पुढे इथे कायद्याची पदवी घेऊन गेला. तो म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९८४ साली ते आमच्या शेजारच्या रामटेकमधून खासदार झाले आणि १९९१ साली पंतप्रधान.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि उस्मानियातली उर्दू गेली, इंग्रजी आली. उर्दूतच वाढलेल्या मुसलमान मुलांना आता त्याच वर्गांत, त्याच बाकांवर बसून नव्या भाषेत धडे गिरवावे लागले.