अंतराली मूत्राशयशोथ : निदानाचा इतिहास

मूत्राशयाचा एक चिरकारी (दीर्घकालीन) वेदनामय विकार. मूत्राशय भरत जाईल तशी ओटीपोटातील वेदना वाढते व लघवी झाल्यावर काही काळ ओसरते. लघवीची घाई व वारंवारता ही जोडलक्षणे होत. सामान्य मूत्राशयशोथात (मूत्राशयाच्या दाहयुक्त सुजेत) आढळणारे रोगकारक जंतू मूत्रात सापडत नाहीत. विकार स्त्रियांत अधिक प्रमाणात आढळतो. रुग्णाच्या सांगण्यावर निदान करावे की डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवर, हा वाद त्याच्या इतिहासात वारंवार उद्‌भवला आहे.

फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक जोसेफ पॅरिश यांनी १८३६ साली मूतखडा नसतानाही तीव्र मूत्राशयवेदना असणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनी १८८७ मध्ये श्लेष्मकला (आतील बुळबुळीत अस्तर) नष्ट करून स्नायुस्तरापर्यंत पोचलेल्या शोथास ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ ही संज्ञा योजली.

माक्स नित्से यांच्या मूत्राशयदर्शकामुळे (१८७७) मूत्राशयाचे अंतरंग प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले. बॉल्टिमोरचे गाय हनर यांनी १९१५ मध्ये आठ स्त्रियांतील विशिष्ट व्रणाचे वर्णन केले. पुढे ‘हनर व्रण’ हीच रोगाची खूण मानली जाऊ लागली आणि व्रण न दिसणाऱ्या स्त्रियांचे दुखणे पुष्कळदा मानसिक ठरविले गेले. जॉन हँड यांनी १९४९ मध्ये २२३ रुग्णांच्या पाहणीत अस्तराखालील सूक्ष्म रक्तस्रावांची नोंद केली. मेसिंग व स्टॅमी यांनी १९७८ मध्ये, शुद्धिहरणाखाली मूत्राशय द्रवाने ताणल्यावर दिसणाऱ्या रक्तबिंदूंना महत्त्व दिले. त्यामुळे व्रणरहित रुग्णही विचारात घेतले जाऊ लागले. मात्र असे रक्तबिंदू लक्षणरहित स्त्रियांतही आढळतात, हे १९९८ मध्ये दिसून आले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी एका संस्थेने १९८७ मध्ये निकष ठरविले. संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत एवढाच त्यांचा हेतू होता. व्यवहारात मात्र तेच निदानासाठी वापरले गेले. तज्ञांच्या मते हा विकार निश्चित वा संभाव्य असलेल्या रुग्णांपैकी ६० टक्क्यांहून अधिक या निकषांत बसत नाहीत, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यानंतर लक्षणांवर आधारलेल्या ‘वेदनामय मूत्राशय लक्षणसमूह’ (२००२) व ‘मूत्राशयवेदना लक्षणसमूह’ (२००८) या संज्ञा पुढे आल्या.

अमेरिकन मूत्ररोगतज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार (२०११, सुधारित २०२२) सहा आठवड्यांहून अधिक काळ लक्षणे असणे व अन्य कारण न आढळणे हा निदानाचा आधार होय. जंतुसंसर्ग, मूतखडे व कर्करोग वगळावे लागतात. भारतात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचाही विचार आवश्यक असतो. मूत्राशयदर्शन प्रत्येकास सक्तीचे नाही. हनर व्रणाचा संशय असल्यास ते करतात, कारण व्रणाच्या दहनकर्माने (विद्युत् प्रवाहाने जाळण्याने) वेदना बरीच कमी होऊ शकते. व्रणयुक्त प्रकार हा स्वतंत्र रोग असावा, असे अनेक तज्ञ मानतात.

विकाराचे एकच कारण सिद्ध झालेले नाही. अस्तराची वाढलेली पार्यता (द्रव्ये आरपार जाऊ देण्याची क्षमता), स्तंभ कोशिकांची क्रिया व तंत्रिकांची (मज्जांची) अतिसंवेदनशीलता ही कारणे सुचविली गेली आहेत. निश्चित खूण सापडत नाही, एवढ्यावरून वेदना काल्पनिक ठरत नाही, ही भूमिका आता वैद्यकाने स्वीकारली आहे.