गायरानावर नांगर

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके. भीमा आणि घोड याच मुलखांतून वाहतात. पण नदीकांठ सोडला कीं जमीन मुरमाड आणि पाऊस लहरी. म्हणून पूर्वी तेथली सगळीच जमीन नांगराखालीं नसे. पुष्कळशी पडीक राही, तिच्यावर गुरेंमेंढरें चरत, आणि पीक बुडालें तर तोच कुणब्याचा आधार असे.

१८३६ सालीं गोल्डस्मिड साहेबानें शेजारच्या इंदापुरांत नवी मोजणी सुरू केली. सारा हलका ठरला, तोहि तीस वर्षांच्या मुदतीनें. ती पद्धति भोंवतालीं पसरली तसतशी पडीक जमीन लागवडीस आली. पुढें १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी पेटली. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. भीमथडींत, म्हणजे आजचा दौंड ज्यांत मोडत असे त्या तालुक्यांत, कापूस फारसा पिकत नव्हता. तरी धान्याचे भाव चढले, आगगाडीच्या कामावर मजुरी मिळूं लागली, आणि जमीन पाहून सावकार सढळ हातानें कर्ज देऊं लागला. ज्या माळावर कुसळांखेरीज कांहीं उगवूं नये तेथेंहि नांगर फिरला.

१८६५ मध्यें युद्ध संपलें आणि तेजी ओसरली. नेमकी त्याच सुमारास साऱ्याची मुदत भरली. फेरमोजणींत इंदापुरचा सारा दीडपटीहून अधिक झाला. चराऊ रान तर मोडलेलें. सारा आणि व्याज मात्र दरसाल दाराशीं उभें.

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं काळूराम नांवाच्या सावकारानें हुकूमनामा बजावून बाबासाहेब देशमुखांचें घर पाडविलें. गांवानें त्याच्यावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुप्याच्या बाजारीं लोक उठले. त्यांचा रोख माणसांवर नव्हता, खतपत्रांवर होता. खतें हातीं आलीं तेथें सहसा कोणाला इजा झाली नाहीं. अक्षरशत्रु म्हणून ज्यांना हिणविलें जाई, त्यांना कागदाचें सामर्थ्य पुरतें उमगलें होतें!

१८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशाला खताच्या मागचा व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. त्याच दशकांत खडकवासल्याचें धरण बांधलें गेलें, आणि मुठेचा उजवा कालवा पाटसच्या बाजूस वळला. तेथें पुढें ऊस आला, भीमा सहकारी साखर कारखाना आला. कालव्याच्या वरच्या अंगाची जमीन कोरडीच राहिली. सुप्याच्या माळाचा सुमारें ५ चौरस किलोमीटरांचा तुकडा १९९७ मध्यें मयूरेश्वर अभयारण्य म्हणून राखला गेला. त्या गवतांत चिंकारा हरणें अजून चरतांना दिसतात.