मुलाच्या उंचीची शाळा

घर बांधतांना गवंडी पायरी, कडी आणि खुंटी यांचें माप मोठ्या माणसाच्या अंगावरून घेतो. तीन वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम दोन हात. कडीपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं, खिडकींतून त्यास आभाळाची पट्टी तेवढी दिसते, आणि पाणी प्यावयाचें तरी कोणास हांक मारावी लागते. या परावलंबनास आपण बालस्वभाव म्हणतों. पुष्कळ अंशीं तो इमारतीचा दोष असतो.

हा दोष माँटेसरीबाईंनीं नेमका हेरला. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेन्झो या मजूरवस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें. आईबाप कामावर गेल्यावर मागें राहिलेलीं मुलें इमारतीची नासधूस करीत, म्हणून व्यवस्थापकांनीं ही सोय केली होती. बाईंनीं तेथें मुलास उचलतां येईल अशी हलकी खुर्ची आणि हात पुरेल असें ठेंगणें कपाट आणविलें.

ताराबाई मोडक यांनीं हेंच शास्त्र गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत भावनगर येथें आत्मसात केलें. परंतु १९४५ सालीं त्या बोर्डीस आल्या, तेव्हां निराळाच प्रश्न उभा राहिला: गरिबांचीं मुलें बालवाडीच्या उंबऱ्याशीं येतच ना! तेव्हां ताराबाई आणि अनुताई वाघ यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळाही निघाली. माँटेसरीबाईंनीं खुर्ची लहान केली. ताराबाईंनीं मूल मुळांत कोठें उभें आहे, हें पाहिलें. अंगणास कडी नसते, आणि तेथील भुई मुलाच्या ओळखीची असते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली व ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. मात्र शब्दाबरोबर अंगण सर्वत्र गेलें, असें म्हणवत नाहीं.

सोलापुरास अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत पाहतांना आम्हांस या इतिहासाचें स्मरण होतें. चादरी व टॉवेल विणणाऱ्या या गांवांत कारखान्याची इमारत मागाच्या मापानें उभी राहते. मागाची रुंदी किती, सुतावर उजेड कोठून पडेल, याचा हिशेब आधीं होतो. तें योग्यच आहे. मग कामगार स्त्रियांच्या मुलांसाठीं काढलेल्या खोलीस तोच न्याय कां नसावा? १९४८ च्या कारखाने कायद्यानें ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असतील तेथें अशी खोली आवश्यक ठरविली. त्या कलमांत जागा, उजेड, हवा व स्वच्छता यांचा उल्लेख होता. मुलाच्या उंचीचा नव्हता.

ही उणीव भरून काढण्यास फारसा खर्च लागत नाहीं. खिडकीचा कट्टा वीतभर खालीं घ्यावा, पायरी बुटकी करावी, माठ मुलाच्या हातास येईल असा ठेवावा, आणि भिंतीबाहेर सावलीचें थोडें अंगण राखावें. मात्र नकाशा काढणाऱ्यानें तत्पूर्वीं एकदां मांडी घालून भुईवर बसावें, आणि तेथून दाराकडे पाहावें.