अफगाणिस्तानातील सामुदायिक प्रसविका शिक्षण कार्यक्रम

सामुदायिक प्रसविका शिक्षण कार्यक्रम हा अफगाणिस्तानात २००२ नंतर उभा राहिलेला आरोग्यशिक्षणाचा उपक्रम होय. दुर्गम भागांतील स्त्रियांना निवडून, त्यांना प्रसूतिशास्त्राचे शिक्षण देऊन पुन्हा त्यांच्याच परिसरात नेमणे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. दरी भाषेत प्रशिक्षित प्रसविकेला 'काबिला', तर परंपरेने बाळंतपणे करणाऱ्या सुइणीला 'दाया' म्हणतात. परपुरुषाकडून तपासणी करून घेणे जेथे निषिद्ध मानले जाते, तेथे स्त्रीच्या उपचारासाठी स्त्रीच उपलब्ध असावी लागते. या वस्तुस्थितीवर हा कार्यक्रम आधारलेला आहे.

पार्श्वभूमी

दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या युद्धामुळे देशाची आरोग्यव्यवस्था मोडकळीस आली होती. १९९६ ते २००१ या तालिबानी राजवटीत मुलींच्या शाळा बंद होत्या. त्यामुळे परिचारिका आणि प्रसविका यांची नवी पिढी घडलीच नाही. २००२ मध्ये संपूर्ण देशात अवघ्या ४६७ प्रशिक्षित प्रसविका असल्याचे आढळले.

त्याच वर्षी चार ठिकाणी मातामृत्यूंचे सर्वेक्षण करण्यात आले. दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण काबूल शहरात ४१८, लघमान प्रांतातील अलिशिंग जिल्ह्यात ७७४, कंदाहार प्रांतातील मैवंद जिल्ह्यात २,१८२, तर बदख्शान प्रांतातील राघ या डोंगराळ जिल्ह्यात ६,५०७ होते. राघचा आकडा म्हणजे साधारण पंधरा जन्मांमागे एका मातेचा मृत्यू. एकंदरीत पाहता अतिरक्तस्राव हे मृत्यूचे प्रमुख कारण होते. राघमध्ये मात्र अडलेली प्रसूती हे कारण अग्रस्थानी होते. यांतील बहुतांश मृत्यू वेळीच उपचार मिळाल्यास टाळता येण्याजोगे होते.

निवड आणि प्रशिक्षण

शहरात शिकलेल्या प्रसविका दुर्गम खेड्यांत राहावयास जात नसत आणि एकट्या स्त्रीने परगावी राहणे समाजाला मान्य नव्हते. यावर उपाय म्हणून निवडीची पद्धतच बदलण्यात आली. ज्या आरोग्य केंद्रात प्रसविकेची जागा रिकामी आहे, त्याच परिसरातील विद्यार्थिनी घेतली जाई. 'शूरा' म्हणजे गावातील ज्येष्ठांची सभा तिचे नाव सुचवी आणि शिक्षणानंतर ती परतून सेवा करील, असे आश्वासन घेतले जाई. पती, वडील किंवा सासरे यांची संमती ही केवळ औपचारिकता नव्हती. तिच्यावाचून प्रवेश प्रत्यक्षात येत नसे.

माध्यमिक शिक्षण झालेल्या मुली थोड्या असल्याने शालेय शिक्षणाची अट सुरुवातीस कमी ठेवण्यात आली. अभ्यासक्रम आरंभी अठरा महिन्यांचा होता. पुढे तो दोन वर्षांचा झाला. विद्यार्थिनींसाठी वसतिगृह आणि तान्ह्या मुलांसाठी सांभाळाची सोय केली जाई. रुग्णालयांतील प्रसविकांचे शिक्षण आरोग्य विज्ञान संस्थांमधून स्वतंत्रपणे चाले. २००५ मध्ये अफगाण प्रसविका संघटना स्थापन झाली. शाळांचा दर्जा तपासून त्यांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय मंडळही नेमण्यात आले.

कामाचे स्वरूप

प्रसविकांच्या नेमणुका २००३ पासून लागू झालेल्या 'मूलभूत आरोग्यसेवा संच' या योजनेतील केंद्रांत होत. परदेशी मदतीवर चालणाऱ्या या योजनेतील बहुतेक केंद्रे स्वयंसेवी संस्था कराराने चालवीत. गर्भवतीची तपासणी, प्रसूती, रक्तस्राव थांबविणे, झटक्यांवर प्राथमिक उपचार, न रडणाऱ्या नवजात बालकास श्वास देणे, पाळणा लांबविण्याचा सल्ला आणि गुंतागुंत ओळखून रुग्णालयात पाठविणे ही कामे प्रसविकेकडे असत. गावपातळीवरील आरोग्यचौकीत एक पुरुष व एक स्त्री असे दोन स्वयंसेवक असावेत, अशी रचना होती. स्त्री स्वयंसेविका गर्भवतींना केंद्राकडे पाठवी.

परिणाम

प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००३ मध्ये सुमारे १४ टक्के होते. ते २०१० मध्ये ३४ टक्के आणि २०१५ मध्ये सुमारे ५१ टक्के झाले. मातामृत्यूंच्या आकड्यांबाबत मात्र एकवाक्यता नाही. २०१० च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ३२७ आले. परंतु असुरक्षिततेमुळे दक्षिणेकडील ग्रामीण भाग त्यातून वगळावा लागला होता. २०१५ च्या सर्वेक्षणात ते १,२९१ आले. दोन्ही आकड्यांविषयी अभ्यासकांनी शंका व्यक्त केल्या आहेत. त्यामुळे मृत्यू घटले असे मानले जात असले, तरी ते नेमके किती घटले हे या सर्वेक्षणांवरून ठरविता येत नाही.

मर्यादा आणि धोके

हिवाळ्यात बर्फाने बंद होणारे रस्ते, वाहनांचा अभाव आणि रुग्णालयात जाण्यासाठी कुटुंबातील पुरुषाची लागणारी परवानगी यांमुळे प्रसविका गावाजवळ असूनही अनेक स्त्रियांना वेळेवर उपचार मिळत नसत. प्रसविकांना धमक्यांनाही तोंड द्यावे लागे. १२ मे २०२० रोजी काबूलमधील दश्त-ए-बर्ची येथील रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. त्यात मातांसह २४ जणांचा मृत्यू झाला. मृतांत एक प्रसविकाही होती. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने त्यानंतर तेथील काम थांबविले.

२०२१ नंतर

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर मुलींचे सहावीपुढील शिक्षण बंद करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही स्त्रियांसाठी बंद झाली. आरोग्य क्षेत्रातील स्त्रियांना काम करण्यास बऱ्याच अंशी मुभा राहिली व प्रसविका अभ्यासक्रमही काही काळ चालू राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र वैद्यकीय शिक्षणसंस्थांतील स्त्रियांचे वर्ग बंद करण्याचा आदेश निघाला व प्रसविका आणि परिचारिका होण्याचा उरलेला मार्गही खुंटला. २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबल्यामुळे अनेक आरोग्य केंद्रे बंद पडली.

सेवेत असलेल्या प्रसविका काम करीत आहेत. तथापि त्या निवृत्त झाल्यावर किंवा देश सोडून गेल्यावर त्यांची जागा घेणाऱ्या विद्यार्थिनी आता वर्गात नाहीत. पुरुष वैद्याकडे जाण्यास असलेला सामाजिक विरोध मात्र कायम आहे.