मोत्याची माती

मागच्या पावसाळ्यात किन्हीराजाच्या आमच्या घरचा मोत्या गेला. बारा वर्षं त्यानं शेळ्या राखल्या, शेत राखलं. बसायचा आमच्या अंगणात, पण भाकरी दोन घरची खायचा. आमची आणि शेजारच्या काकांची. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, तर ती रडत म्हणाली, “अब्बा, त्याला दफन करणार की जाळणार?”

तिचा प्रश्न शहरातला होता. मुंबई महापालिकेनं 2023 साली मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली. जिथं खड्ड्यापुरतीही जमीन नाही, तिथं हे योग्यच. मी मात्र अडखळलो. माणसाच्या मय्यतीचे नियम आपल्याला पाठ असतात. जनावरासाठी ना जनाज्याची नमाज, ना कफन. दहन आणि दफन ही तर आपल्याकडे धर्म ओळखायची खूण झाली आहे. मग दोन घरच्या कुत्र्याचं काय करायचं?

मला वाटलं, काका जाळा म्हणतील. ते म्हणाले, “जाळाचं कायले, भाऊ? आमचा बैल बी आमी धुऱ्यावरच पुरला.” खरंच, वऱ्हाडात ज्या घरची माणसं चितेवर जातात, त्याच घरचा लाडका बैल वावरात मीठ टाकून पुरतात. जनावराच्या बाबतीत गावानं माती आणि आग यांचं भांडण कधी लावलंच नाही.

इतिहासातही तेच दिसतं. रायगडावर वाघ्याचं स्मारक आहे. या कुत्र्यानं शिवरायांच्या चितेत उडी घेतली, अशी आख्यायिका. स्मारक 1936 सालचं, इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून उभं राहिलेलं. आख्यायिकेला समकालीन पुरावा नाही, म्हणून 2012 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये त्यावरून वाद पेटला. त्याच घराण्यातल्या शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. या कुत्र्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं होतं. त्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली, पालखीचा मान मिळाला, असं ग्रँट डफ लिहितो. एका कुत्र्याच्या कथेत चिता, दुसऱ्याच्या वाट्याला समाधी.

तिकडे जहांगीर बादशहानं आपल्या मनसराज नावाच्या लाडक्या हरणाच्या कबरीवर शिलालेख कोरवला. ही जागा लाहोरजवळच्या शेखूपुऱ्यात, आजच्या हिरन मिनारपाशी. त्या रानात कुणी हरीण मारू नये, तिथल्या हरणाचं मांस हिंदूला गाईसारखं आणि मुसलमानाला डुकरासारखं वर्ज्य मानावं, असं फर्मान त्यानं काढलं. आत्मचरित्रात त्यानं स्वतः हे नोंदवलंय.

आणि दफन माणसाला शिकवलं कुणी? कुरआनच्या सूरह माइदामध्ये भावाचा खून करणाऱ्याला प्रेत कसं झाकावं ते कळत नाही. तेव्हा एक कावळा येऊन जमीन उकरून दाखवतो. हा धडा माणसाला पाखरानं दिला.

पण या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो. खड्डा कुणी खणायचा? लाडक्या बैलाला धुरा मिळायचा. बाकीचं मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या महारांच्या माथी मारलं होतं. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडा असं आपल्या लोकांना बजावलं. त्याच परिषदेनं सवर्णांनाही सांगितलं की, तुमची मेलेली जनावरं तुम्हीच पुरा. पाण्याचा सत्याग्रह सगळ्यांना आठवतो, हा ठराव फारसा कुणाला आठवत नाही. आपण मुसलमानांनीही स्वतःला यातून वेगळं काढू नये. आजोबांच्या काळात आमच्या गोठ्यात म्हैस मेली की निरोप गावकुसाबाहेरच जायचा. मशिदीत एका रांगेत उभे राहणारे आम्ही, गोठ्यात मात्र गावाच्या रिवाजानंच वागत होतो.

म्हणून मोत्याच्या वेळी कुणाला बोलावलं नाही. काकांनी कुदळ आणली, मी फावडं. पावसानं जमीन मऊ होती, तरी कमरेइतका खड्डा खणेस्तोवर दोघांनाही धाप लागली. मीठ टाकलं, माती लोटली, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड रचले. काकांनी हात जोडले. मी गप्प उभा राहिलो.

रात्री मुलीला फोन केला. म्हटलं, “पुरलं बेटा. खड्डा आम्हीच खणला.”