जोडे शिवणाऱ्याचं मत

गेल्या निवडणुकीत मतदार यादीत माझं नावच नव्हतं. निकाल लागल्यावर वहिनी म्हणाली, "भावोजी, तुमचा उमेदवार आलाच की निवडून! मग तुमचं गेलं काय?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. रात्री मात्र लॉ कॉलेजातला मॅथ्यू अ‍ॅशबी आठवला.

इंग्लंडातल्या एल्सबरीचा हा माणूस जोडे शिवून पोट भरायचा. तू इथला कायमचा रहिवासी नाहीस, असं म्हणून त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देऊ दिलं नाही. पठ्ठ्यानं दावा लावला. ज्युरीनं ५ पौंड भरपाई दिली, पण वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश त्याच्या विरुद्ध गेले. एकटा मुख्य न्यायाधीश होल्ट त्याच्या बाजूनं. (आमच्या पुस्तकात असंही होतं की अ‍ॅशबीचा उमेदवार तरीही निवडून आला. होल्टचा भर त्यावर नाही.) होल्टचं म्हणणं, कानफटात मारली तर पैशाचं नुकसान कुठे होतं? तरी दावा चालतोच ना! हक्क दिलाय तर तो मोडल्यावर दाद मागायची वाटही हवी. शेवटी हाउस ऑफ लॉर्ड्सनं होल्टचंच म्हणणं उचलून धरलं. हा खटला १७०३ चा म्हणून ओळखतात.

पुढे यावरून पंडितांत जुंपली. सामंडनं मांडलं की अपकृत्यं म्हणजे पोस्टातले टपालाचे खण. तुमची तक्रार एखाद्या खणात बसली तर ठीक, नाहीतर घरी जा. विनफिल्डनं उलट मांडलं: कायदेशीर कारण नसताना दुसऱ्याला केलेली प्रत्येक इजा हे अपकृत्यच. त्याचं त्यावरचं पुस्तक कलकत्ता विद्यापीठाच्या १९३० च्या टागोर व्याख्यानांतून आलं, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

मी विनफिल्डच्या बाजूचा. १९८५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं, जम्मू-काश्मीर विधानसभेत जाण्यापासून अडवलेल्या आमदार भीमसिंग यांना ५०,००० रुपये द्यायला लावले, तेव्हा होल्टच बोलला असं मला वाटतं.

पण माझं काय? १८५७ च्या टोझर खटल्यात कोर्टानं सांगितलं की मत नाकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात द्वेष होता हे दाखवावं लागेल. माझ्याशी कोण कशाला द्वेष करेल?

वहिनीला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "नाव घालायचा फॉर्म भरलात का?"

नाही भरला अजून.