अल्पधातू ताऱ्यांचा अतिनील वेध

खगोलशास्त्रात हायड्रोजन व हेलियम वगळता उरलेल्या सर्व मूलद्रव्यांना ‘धातू’ म्हणतात; त्या अर्थाने कार्बन आणि ऑक्सिजनही धातूच. विश्वाच्या आरंभी हे धातू जवळजवळ नव्हतेच. ताऱ्यांच्या पोटात ते घडले आणि स्फोटांतून अवकाशात विखुरले. साहजिकच आद्य तारे कसे होते याचा अंदाज बांधायचा, तर आज दिसणाऱ्या अल्पधातू ताऱ्यांकडे वळावे लागते.

अतिनीलच का?

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. अतिवजनदार ताऱ्यांचे ३० हजारांहूनही अधिक असते. असे तारे आपली बहुतेक ऊर्जा अतिनील प्रकाशात ओततात. हा प्रकाश ताऱ्याच्या वातावरणातील लोह, कार्बन आदींच्या अणूंना बाहेर रेटतो आणि ‘तारकीय वारा’ सुटतो. धातू कमी, तर वारा मंद. वारा मंद, तर ताऱ्याचे वस्तुमान टिकते आणि अखेरीस उरणारे कृष्णविवरही जड होऊ शकते. सन २०१५ मध्ये ‘लायगो’ने सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांचे मीलन टिपले. एवढी जड कृष्णविवरे आली कोठून, या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर अल्पधातू ताऱ्यांत दडले आहे.

जवळची प्रयोगशाळा

असे तारे सुटे सुटे पाहण्यास सोयीच्या दीर्घिका म्हणजे दोन मॅगेलनी मेघ. सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरील बृहद् मेघात धातूंचे प्रमाण सूर्याच्या निम्मे, तर सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवरील लघु मेघात एक पंचमांश आहे. बृहद् मेघ साताऱ्याहून क्षितिजावर जेमतेम अडीच, तर सांगलीहून सुमारे सव्वातीन अंश चढतो. लघु मेघ क्षितिजालाच चिकटून राहतो. धुरळ्यात दोन्ही हरवतात. मात्र दक्षिण गोलार्धात जाऊनही हा प्रश्न सुटत नाही, कारण हे अतिनील किरण वातावरणच अडवते. त्यासाठी उपग्रह हवा.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या ‘अॅस्ट्रोसॅट’वर अतिनील दुर्बीण बसविण्यात आली. तिच्या उभारणीत बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेसह पुण्याच्या ‘आयुका’चाही वाटा होता. ‘हबल’नेही २०२० ते २०२३ या काळात मॅगेलनी मेघांतील तप्त ताऱ्यांचे अतिनील वर्णपट मोठ्या संख्येने घेतले.

कृष्णाकाठचे नाव

पुढचे पाऊल ‘युव्हेक्स’ या ‘नासा’च्या उपग्रहाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडलेली ही मोहीम २०३० मध्ये निघणार असून फियोना हॅरिसन तिच्या प्रमुख आहेत. अल्पधातू तप्त तारे हे तिचे एक मुख्य लक्ष्य आहे. मोहिमेची वैज्ञानिक उद्दिष्टे मांडणाऱ्या २०२१ मधील निबंधाचे पहिले लेखक श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये सांगलीजवळच्या कुरुंदवाडचा (जि. कोल्हापूर). ज्या गावाहून हे मेघ जवळपास दिसतच नाहीत, तेथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव त्यांच्या वेधाशी असे जोडले गेले आहे.